गाडीचे पिवळे दिवे आणि बॉनेटमधला उंदीर



आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. मुलांची शाळा, बाजार, सासूबाईंचा दवाखाना, बाहुबलीचं दर्शन, सगळं आपल्याच हातात असतं. पण समोर डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला की आपण लगेच म्हणतो, "थांब, यांना फोन करते." म्हणून आज स्वयंपाकघरातून थोडं बाहेर, गाडीपाशी येऊ या.

आधी रंग बघायचा. तांबडा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे जपून चाला.

गोलात उद्गारचिन्ह असलेला तांबडा दिवा ब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला राहिला तरी तो लागतो. हँडब्रेक पूर्ण खाली करूनही विझला नाही, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी डबी बघायची. तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. अशा वेळी, किंवा पेडल मऊ लागून खोल जात असेल तेव्हा, गाडी पुढे न्यायचीच नाही. तांबड्याबरोबर पिवळा एबीएसचा दिवाही लागला तरी तसंच. मागची चाकं अचानक अडकून गाडी फिरू शकते.

गोलात एबीएस अशी इंग्रजी अक्षरं असतात तो दिवा पिवळा. जोरात ब्रेक मारला की चाकं अडकतात आणि गाडी घसरत जाते, स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. एबीएस ब्रेकची पकड एका सेकंदात अनेकदा सैल-घट्ट करतं, म्हणून चाक फिरत राहतं आणि आपल्याला गाडी वळवता येते. नुसता हा दिवा लागला तर साधा ब्रेक चालू असतो, फक्त ही मदत बंद झालेली असते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीतही हा दिवा बहुतेक असेलच.

तिसरा दिवा गाडीच्या चित्राचा, खाली घसरल्यासारख्या नागमोडी रेघा. हा ईएससी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा. गाडी वळणावर घसरू लागली तर ती नेमक्या एका चाकाला आपोआप ब्रेक लावते. हा दिवा चालताना लुकलुकला तर घाबरू नका, यंत्रणा काम करते आहे. सतत पेटून राहिला तर मात्र एक तर कोणाच्या हातून तिचं बटण दाबलं गेलंय, नाहीतर बिघाड आहे.

आता आमचं सांगते. गेल्या श्रावणात सासूबाईंना घेऊन कुंभोज-बाहुबलीहून सांगलीला परतत होते. निघायला उशीर झाला होता, पाऊस लागला होता आणि सूर्यास्ताआधी घरी पोहोचून सासूबाईंचं जेवण व्हायला हवं होतं. हातकणंगल्याच्या पुढे एबीएस आणि ईएससीचे दोन्ही पिवळे दिवे एकदम लागले. बाजूला थांबले. तांबडा दिवा नव्हता, हँडब्रेक खाली होता, ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं, पेडल घट्ट लागत होतं. म्हणजे ब्रेक होता, पण ओल्या रस्त्यावर चाक अडकलं तर सांभाळणारं कोणी नव्हतं. सासूबाईंना तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक दिवस जेवण नाही झालं तर काही बिघडत नाही गं. तू सावकाश चल." पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवून, जोरात ब्रेक मारायची वेळच येणार नाही असं चालवत आलो. घरी आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सासूबाई पाणीसुद्धा न घेता झोपल्या.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने दिवे बघितले आणि म्हणाला, "एबीएसचं युनिट गेलंय, चाळीस हजारांच्या पुढे जाईल." गाडीला काही जोडलं नाही, एक चाक काढलं नाही. मी "घरी विचारून सांगते" म्हणून निघाले.

मैत्रिणींनो, विचार करा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्हीकडचे नळ एकदम बंद झाले तर आपण दोन्ही नळ बदलतो का? आधी टाकी बघतो. या दोन यंत्रणांचंही तसंच आहे. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक छोटा सेन्सर असतो आणि त्याच सेन्सरवर दोघी अवलंबून असतात. एक सेन्सर गप्प झाला की दोन्ही दिवे लागतात. बॅटरी कमजोर झाली, फ्यूज उडाला, चाकाचं बेअरिंग खराब झालं किंवा सेन्सरवर चिखल बसला तरी हेच होतं. ईएससी एकटाच लागला तर स्टिअरिंगचा सेन्सर किंवा ब्रेक लाईटचा स्विच बघतात. व्हील अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा सेन्सर पुन्हा सेट करावा लागतो, तो राहून गेला तरी दिवा लागतो.

आमच्या गल्लीजवळच्या मेकॅनिककडे एबीएस वाचणारा स्कॅनर होता. साधे स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनचेच कोड दाखवतात, म्हणून हे आधी विचारून घ्यावं. कोड आला सी ००३५, म्हणजे पुढचं डावं चाक. मग स्कॅनर लावूनच त्याने गाडी हळू चालवली. तीन चाकं २२ चा वेग दाखवत होती, डावं पुढचं शून्य. चाक काढून वायर हाताने चाचपत वर बॉनेटपर्यंत गेला आणि हसला. "वहिनी, उंदरानं कुरतडलंय बघा."

सेन्सर आणि त्याची वायर एकत्रच येतात, म्हणून जोड न मारता नवीनच बसवला. मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम झालं. कोड पुसला, एक चक्कर मारली, दिवे गेले.

निघताना तो म्हणाला, "उंदीर मारायची वडी ठेवा बॉनेटजवळ, नाहीतर परत येतंय." घरी हा विषय निघाला. यांचं म्हणणं, ब्रेकची वायर म्हणजे पोराबाळांच्या जिवाचा प्रश्न. सासूबाई म्हणाल्या, "त्यालाही जीवच आहे." खरं सांगते, दोघांचंही मला पटत होतं. शिवाय विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही दगावू शकतं, ते वेगळंच.

मग उंदीर तिथे का येतो हे बघितलं. त्याला ऊब हवी असते आणि दाणा हवा असतो. गाडीच्या शेडमध्ये शेंगांचं पोतं होतं, ते पत्र्याच्या पिंपात गेलं. पाखरांना दाणे टाकायची जागा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. शेडमधली रद्दी काढली. उंदराला इजा न होणारा पिंजरा आणला, रोज सकाळी बघायचा आणि सापडलेला लांब माळावर सोडायचा, हे काम मुलाने आनंदाने घेतलं. वायरींवर मेकॅनिककडून जाड नळी चढवून घेतली. आठवड्यातून एकदा मी बॉनेट उघडून लेंड्या किंवा कुरतडलेल्या खुणा दिसतात का बघते. वर्ष होत आलं, वायर शाबूत आहे.

शेवटी एक गोष्ट आजच करून बघा. किल्ली फिरवल्यावर हे सगळे दिवे काही क्षण लागून विझले पाहिजेत. एबीएसचा दिवा मुळीच लागत नसेल तर बिघाड लपवायला कोणी तो बंद केलेला असू शकतो. जुनी गाडी घेताना हे नक्की बघा. आणि कोणी मोठं बिल सांगितलं तर एवढंच विचारा, "दादा, कोड कुठला आला?"