फियाटमधून चांपानेर

बडोद्याहून चांपानेर साधारण पन्नास किलोमीटर. आजच्या गाडीनं निघालात तर जरोद, हालोल कधी मागे पडलं हेही कळत नाही. पण हीच वाट १९६८ सालच्या फियाट ११०० डिलाइटमधून केली, तर प्रत्येक टप्पा वेगळा लक्षात राहतो. कुठे इंजिनाचा आवाज बदलला, कुठे डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणला, सगळं.

आमची फियाट आजोबांनी घेतलेली, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. बडोद्यात जुन्या गाड्यांचं कौतुक कमी नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात देशभरातल्या जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा निम्मं गाव तिकडे लोटलं होतं. घरातल्या जुन्या गाडीचं कौतुक मात्र ती सुरू होते तोवरच. आमची वर्षभर रविवारी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' करायची. दोन वर्षांत दोन नव्या बॅटऱ्या झाल्या. शेवटी काकूनं निर्वाणीचं सांगितलं, "दिवाळीआधी चांपानेरला जाऊन धड परत आणा. नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते."

काका निवृत्त झाल्यापासून गाडीचं सगळं तेच बघतात. ते म्हणाले, "अगं, बॅटरी म्हणजे पाण्याचं टाकं. टाकं रिकामं दिसलं की तीनच प्रश्न विचारायचे. टाक्यालाच तडा आहे का? कुठून गळतंय का? की वरून भरतच नाहीये? ते न बघता नवं टाकं आणून काय उपयोग?"

शनिवारी सकाळी साधा मल्टिमीटर घेऊन आम्ही पहिला प्रश्न हाती घेतला. बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच सुटी ठेवली होती. बारा व्होल्टची चांगली बॅटरी अशा वेळी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. आमची १२.६ होती. मग ती जोडून स्टार्टर मारताना पाहिलं. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलेली. आमचा साडेदहावर थांबला. टाकं शाबूत होतं.

दुसरा प्रश्न गळतीचा. सगळे दिवे बंद, किल्ली बाहेर, दारं नीट लावलेली. बॅटरीची ऋण बाजूची वायर काढायची आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मीटर जोडायचा, दहा अँपियरच्या खुणेवर. मीटर असा जोडलेला असताना गाडी चुकूनही सुरू करायची नाही, नाहीतर मीटर गेलाच. ना घड्याळ, ना कॉम्प्युटर अशा या जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. आमच्याकडे आला ०.३.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण ०.३ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला सात अँपियर-तास. बॅटरी चाळीसची. पाच-सहा दिवसांत साफ! मंगळवारी गाडी सुरू व्हायची आणि रविवारी का व्हायची नाही, याचं उत्तर या गुणाकारात होतं.

काकांनी एकेक फ्यूज काढला. आकडा जागचा हलेना. म्हणजे गळती फ्यूजबॉक्सच्या वाटेवर नव्हतीच. बॅटरीच्या धन टोकावर जाड केबलच्या आडोशाला एक बारीक लाल वायर दिसली. माग काढला तर ती थेट डॅशबोर्डखाली, दादानं कॉलेजात असताना बसवून घेतलेल्या स्टिरिओच्या अँप्लिफायरला. स्टिरिओ बंद असला तरी अँप्लिफायर जागाच. वायर सोडवली आणि आकडा शून्यावर आला. दोन बॅटऱ्यांचा जीव त्या अँप्लिफायरनं घेतला होता.

तिसरा प्रश्न भरण्याचा. त्यासाठी गाडी चालवूनच बघायची होती. आठवड्यापूर्वी फॅनचा पट्टा नवा बसवला होता. इंजिन जरा वाढवलं की बॅटरीवर १४ व्होल्ट यायचे, म्हणजे डायनमो काम करत होता. आजच्या गाड्यांतला अल्टरनेटर हळू इंजिनावरही चार्ज करतो. डायनमोला वेग लागतो. त्यामुळे सिग्नलला लाल दिवा थोडा मिणमिणला तर घाबरायचं नाही, पण वेगात लागला तर थांबायचं.

रविवारी शेव-उसळ खाऊन आम्ही निघालो. चांपानेरच्या अलीकडे रस्त्यालगत गोल फिरत खाली उतरणारी वाव आहे, तिथे उतरलो. महमूद बेगड्यानं १४८४ मध्ये पावागड घेऊन पायथ्याशी राजधानी वसवली, ती विहिरी, तलाव आणि टाक्यांच्या जोरावर. १५३५ मध्ये हुमायूननं चांपानेर जिंकलं आणि ते वैभव ओसरलं. पुढे गड शिंद्यांकडे होता. १८०३ मध्ये तो इंग्रजांनी घेतला, आणि मग शिंद्यांना परतही दिला. जामी मशीद आणि तटबंदीसह हा सगळा परिसर २००४ पासून जागतिक वारसा आहे.

माचीचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमत असतानाच लाल दिवा लागला, आणि पाण्याचा काटाही वर सरकला. काकांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही खुणा एकदम म्हणजे संशय पट्ट्यावर, कारण डायनमो आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात.

बॉनेट उघडण्याआधी त्यांनी हिशोब केला. "चार्जिंग नसलं तरी इग्निशनला जेमतेम चार अँपियर लागतात. भरली बॅटरी आपल्याला उजेडात घरी नेईल. हेडलाइट लावले की खर्च तिप्पट. म्हणजे काहीही झालं तरी चारला निघायचं."

इंजिन थंड झाल्यावर पट्टा अंगठ्यानं दाबला. एक-दीड सेंटिमीटर दबायला हवा, तो तिप्पट दबला. नवा पट्टा सुरुवातीला ताणतोच, तो पुन्हा आवळावा लागतो. एका कडेला थांबलेले गृहस्थ म्हणाले, "चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघा, डायनमोचं लगेच कळेल." काकांनी हात जोडून नको म्हटलं. तसं केल्यानं व्होल्टेज भलतंच उसळतं, आणि अल्टरनेटर असेल तर तो जळूही शकतो. डायनमोचा बोल्ट सैल केला, पान्याच्या दांड्यानं डायनमो बाहेर ओढून धरला, बोल्ट आवळला. मग हेडलाइट लावून मापलं: १३.९. दिवे लावून मापणं महत्त्वाचं, कारण ढिला पट्टा भार आला की घसरतो.

आम्ही माचीपर्यंत गेलो, रोपवेनं वर जाऊन कालिकामातेचं दर्शन घेतलं आणि ठरल्याप्रमाणे चारला निघालो. दिवे लावायची वेळ येण्याआधी सूरसागर दिसला. काकूनं भंगारवाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही, पण स्टिरिओ मात्र काढायला लावला.

तुमच्या घरीही आजोबांची गाडी किंवा स्कूटर कोपऱ्यात उभी असेल, तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी तीनशे-चारशे रुपयांचा मीटर घ्या आणि हे तीन प्रश्न विचारा. काम करताना ऋण बाजूची वायर आधी काढा, हातातली अंगठी उतरवून ठेवा, चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ काडी पेटवू नका. आणि घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. कुठली वायर कधी आणि कोणी जोडली, हे बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असतं.