थंडीतला रंग आणि ताईंचं मशीन



पौषात आमच्या निफाड भागात पारा कधीकधी 5-6 अंशांवर उतरतो. द्राक्षमण्यांना थंडी बाधू नये म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात. नेमक्या अशा दिवसांत आमच्याकडे लोखंडाला स्प्रेने रंग मारायचं काम निघालं.

काम माझ्या नणंदेचं होतं. यजमान गेल्यापासून ताई माहेरीच आहेत. "आता कुणाच्या हाताकडे बघायचं नाही, शिवणकाम सुरू करते," एवढंच त्या म्हणाल्या. सासूबाईंचं जुनं पायडलचं मशीन माळ्यावरून काढलं. तेल घातल्यावर मशीन सुरू झालं, पण बिडाचा स्टँड पुरता गंजला होता. गंजलेल्या स्टँडजवळ गिऱ्हाइकाचं पांढरं कापड ठेवणार कसं? आणि पहिलं गिऱ्हाईक सोमवारी यायचं होतं.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत धाकट्या भाऊजींचं वर्कशॉप आहे. गुरुवारी ते म्हणाले, "वहिनी, रात्री शटर ओढून घेतो, हीटर लावतो आणि दोन हात मारून टाकतो. सकाळी तयार!"

मी नको म्हटलं. स्प्रेच्या डब्यातून रंग बाहेर ढकलणारा गॅस बहुधा पेट घेणारा असतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. बंद खोलीत, लाल झालेल्या कॉइलशेजारी हे काम म्हणजे आगीला आमंत्रणच. दुसरं म्हणजे त्या खोलीची खिडकी स्वयंपाकघराकडे उघडते आणि सासूबाईंना दमा आहे. तिसरं कारण आपल्यातल्या कुणालाही सांगायला नको. रात्री दिव्यावर किडे येतात आणि ओल्या रंगाला चिकटून मरतात. चुलीजवळ, पाण्याजवळ जी जयणा पाळतो, ती वर्कशॉपात का नको?

भाऊजी थोडे नाराज झाले. "मग सोमवारी गिऱ्हाइकाला काय सांगणार?" ताईंनी ते ऐकलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

शुक्रवारी तारेच्या ब्रशने गंज काढला, पॉलिश पेपर मारला आणि थिनरच्या फडक्याने स्टँड पुसला. रात्री तो घरात घेतला. थंड लोखंडावर दव धरतं, आणि त्या ओलीवर मारलेला रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. बरेच रंग 10 अंशांच्या खाली नीट वाळतही नाहीत. म्हणून शनिवारी 11 वाजता, ऊन चांगलं तापल्यावर, अंगणातल्या आडोशाला काम सुरू केलं.

थंडीत डब्यातला रंग घट्ट होतो आणि गॅसचा जोर कमी पडतो, त्यामुळे फवारा न होता थेंब उडतात. त्यासाठी डबा 10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवला. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात डबा कधीही ठेवू नका. 50 अंशांच्या वर तापवू नये असं डब्यावरच लिहिलेलं असतं, तो फुटू शकतो. मग डबा चांगला हलवून, वीतभर अंतरावरून पातळ हात मारले. थंडीत रंग हळू वाळतो, त्यामुळे जाड हात दिला की ओघळ आलेच.

मुहपत्तीची सवय असल्याने आपल्याला कापड पुरेसं वाटतं. कापड रंगाचे कण थोडेफार अडवेल, थिनरची वाफ नाही. त्याला कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. भाऊजींकडे तो होता, खुंटीवर धूळ खात.

तीनच्या पुढे डबा हातात घेतला नाही. प्रायमर वाळल्यावर स्टँड गच्चीवरच्या खोलीत नेला, सासूबाईंपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. रविवारी त्याच वेळेत काळ्या रंगाचे दोन पातळ हात झाले.

सोमवारी रंग हाताला लागत नव्हता, पण नख लावलं की खूण उमटायची. वरून वाळलेला रंग आतून कडक व्हायला दिवस लागतात, थंडीत तर जास्तच. गिऱ्हाईक आलं. ताईंनी माप घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "ब्लाउज शुक्रवारी मिळेल. मशीनचा रंग ओला आहे, तुमच्या कापडाला डाग नको." त्या बाईंनी जरा तोंड वाकडं केलं, पण कापड ठेवून गेल्या.

गुरुवारी नखाची खूण उमटली नाही. ताईंनी दुपारी मशीन जोडून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ब्लाउज शिवून झाला. शुक्रवारी त्या बाई दुसरं कापडही देऊन गेल्या.

तुमच्याकडे थंडीत असं काम निघालं, तर 11 ते 3 ही वेळ धरा आणि द्यायची तारीख दोन-तीन दिवस पुढचीच सांगा. घाई घरातल्या पुरुषांना असते. दम्याचं माणूस कुठे झोपतं, ते आपल्याला ठाऊक असतं.