गांडूळ म्हणजे गांडूळ? नाही हो!

आज एक जुनी चूक कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी गांडूळ खताच्या एका प्रशिक्षणाची बातमी केली होती. हेडिंग ठरलेलं, 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र'. मनमाडजवळच्या खेड्यातल्या एका काकांनी ती वाचून विकतची गांडुळं आणली आणि थेट कांद्याच्या वावरात सोडली. महिनाभरात एकही शिल्लक नाही. काका कात्रण घेऊन हजर. "भाऊ, तुम्हीच छापलं ना? मग मित्र गेला कुठं?"

उत्तर नव्हतं. मग शोधायला लागलो.

खतासाठी मिळणारं लाल गांडूळ बहुतेकदा 'आयसेनिया फेटिडा', मूळ युरोपचं. दुसरं 'युड्रिलस युजिनी', आफ्रिकेचं. दोन्ही शेणात, पालापाचोळ्यात वाढतात. हौदात ठीक, पण आपल्या उघड्या तापलेल्या रानात कशी टिकणार? बिळं करून मातीत राहणारी इथली गांडुळं वेगळी. भारतात ४०० च्या वर जाती नोंदल्या गेल्यात.

जात ओळखणं मात्र सोपं नाही. नुसत्या रंगावरून कळत नाही. डोक्याकडचा फुगीर पट्टा कितव्या वळ्यावर, छिद्रं कुठं, हे भिंगाखाली मोजायचं, मग चिरून आतल्या ग्रंथी बघायच्या. पिल्लांना तो पट्टाच नसतो, त्यामुळे ती बऱ्याचदा ओळखूच येत नाहीत. आता डीएनएही तपासतात. जॉन स्टीफन्सन यांचा भारतातल्या गांडुळांवरचा ग्रंथ १९२३ चा. पुढे जे. एम. जुल्का यांनी १९८८ मध्ये एका मोठ्या कुळावर ग्रंथ लिहिला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

आणि आपण? माती परीक्षणाच्या कागदावर नत्र, स्फुरद, पालाश सगळं असतं. मातीत जिवंत काय आहे, त्याला रकानाच नाही.

काकांकडे जाऊन माफी मागितली. ते हसले, बांधाजवळ कुदळ मारली. ओल्या ढेकळात दोन-तीन गांडुळं वळवळत होती. "ही तर पहिल्यापासून हायेत. यांचं नाव काय?"

ते मला आजही सांगता येत नाही.

म्हणून एक सुचवतो. पावसाळ्यात आपल्या भागातल्या कॉलेजांनी प्राणिशास्त्राच्या पोरांना वावरात न्यावं, नमुने गोळा करून तज्ज्ञांकडून ओळखून घ्यावेत. आणि बाहेरची गांडुळं वाटणाऱ्यांनी जातीचं नाव आणि ती कुठं सोडायची, एवढं तरी लिहून द्यावं.

तुमच्या वावरात गांडुळं दिसतात का अजून? कमेंटमध्ये सांगा.