मुलायम जॅझ आणि त्याचे वादक

संगीताच्या ज्या शाखेस तज्ज्ञ लोक हसतात आणि सामान्य लोक पदरचे पैसे देऊन घरीं आणतात, तिच्याविषयीं सुशिक्षित कुटुंबांत बोलावयाचें म्हणजे थोडें धाडसच होय. अमेरिकेंतील ‘स्मूथ जॅझ’ ही अशी एक शाखा आहे. सॅक्सोफोन किंवा गिटार हें मुख्य वाद्य, मंद ठेका, कानास कोठेंहि न खुपणारी सुरावट, आणि मूळ जॅझमधील जो उसळता, मध्येंच अंगावर येणारा भाग तो बहुधा गाळलेला. उपाहारगृहांत, विमानतळावर, दंतवैद्याच्या दारीं ताटकळतांना वाचकांनीं हें संगीत ऐकलेंच असेल. ऐकल्याचें कदाचित् ध्यानांत आलें नसेल.

हें नांव कोणा वादकानें ठेवलेलें नाहीं. तें रेडिओवाल्यांच्या बाजारपाहणींतून निघालें. १९८७ सालीं लॉस एंजेलिस येथें ‘द वेव्ह’ नांवाचें केंद्र सुरू झालें आणि पाठोपाठ मोठमोठ्या शहरांतून तशींच केंद्रें निघालीं. गीतांचे लहान लहान तुकडे निवडक श्रोत्यांस ऐकवावयाचे, व ज्यास नाकें मुरडलीं जातील तें गीत वगळावयाचें, ही त्यांची रीत. अशा चाळणींतून जें खालीं पडेल तें निरुपद्रवी असणारच. पुढें मोठी गंमत झाली. आपण काय ऐकतों तें श्रोते पूर्वीं स्वतः वहींत लिहून देत. २००७ च्या सुमारास अंगावर बाळगावयाचें एक लहानसें यंत्र तें मोजूं लागलें. वहींत जें संगीत दिवसभर ऐकल्याची नोंद होई, तें यंत्राच्या हिशेबीं फारच थोडें भरलें! न्यूयॉर्कच्या केंद्रानें २००८ सालीं हें संगीत सोडलें, आणि इतर पुष्कळांनीं तोच कित्ता गिरविला.

आमच्या घरीं हें संगीत आलें तें फिलाडेल्फियास असणाऱ्या आमच्या पुतण्यामुळें. घर एकत्र, माणसें अकरा. कोणाची परीक्षा, कोणाचा जप, कोणाची दुपारची झोंप. तेथें मोठ्यानें कांहीं लावण्याची सोय नाहीं. ही मंद सुरावट मात्र कोणासच अडचण करीत नाहीं, म्हणून मुलांनीं ती सुरू केली, आणि ती रोज पांच-सहा तास वाजूं लागली. आमचे वडील बंधु बारा वर्षें ख्याल शिकलेले. ते एके दिवशीं शांतपणें म्हणाले, “हें वाजवितो कोण, एवढें मला कोणी सांगेल काय?” कोणासच सांगतां आलें नाहीं. “मग हा पंखा आहे. फिरतो, म्हणून बरें वाटतें.” हा घाव आम्हांस झोंबला, कारण तो ऐकणाऱ्यांवर होता. ज्या घरांत तंबोरा जुळेपर्यंत कोणी चहाचा पेला हलवीत नसे, त्या घरांतील मुलें वादकाचें नांवहि न विचारतां वादन ऐकूं लागलीं, ही गोष्ट आम्हांस तरी लहान वाटत नाहीं.

म्हणून आम्हीं नांवें शोधलीं. त्यांत ग्रोव्हर वॉशिंग्टन हा आम्हांस सर्वांत जवळचा वाटला. जन्म १९४३ सालीं, बफेलो येथें. वडील सॅक्सोफोन वाजवीत, आई चर्चमधील गायकवृंदांत गाई. सक्तीच्या भरतींत तो सैन्यांत गेला. तेथें बिली कॉबम हा ड्रमवादक भेटला व त्यानें न्यूयॉर्कच्या वादकांशीं ओळखी करून दिल्या. १९७१ मध्यें एका ध्वनिमुद्रणाच्या वेळीं मुख्य वादक हँक क्रॉफर्ड येऊं शकला नाहीं. साथीस बोलाविलेल्या ग्रोव्हरच्या हातीं अल्टो सॅक्सोफोन आला, आणि ‘इनर सिटी ब्लूज’ ही त्याच्या नांवाची पहिली तबकडी झाली. त्याची १९८० ची ‘वाइनलाइट’ तर घरोघर गेली. तिच्यांतील ‘जस्ट द टू ऑफ अस’ हें गीत बिल विदर्स यानें गाइलें आहे. हा कोळशाच्या खाणींच्या मुलुखांतला, लहानपणीं बोलतांना अडखळणारा आणि विमानांच्या कारखान्यांत काम करीत करीत गाऊं लागलेला माणूस! त्याच गीतांत रॉबर्ट ग्रीनिज याच्या पोलादी पिंपाचे स्वर मध्येंच चमकून जातात. तेलाच्या रिकाम्या पिंपांतून त्रिनिदादच्या गरीब वस्तींनीं हें वाद्य घडविलें, हें एकदां कळलें म्हणजे कान तिकडे आपोआप वळतो.

ग्रोव्हरच्या वादनास आरंभीं हें मुलायमपणाचें नांव नव्हतेंच. तें चाळणीवाल्यांनीं मागाहून चिकटविलें. त्याचा सॅक्सोफोन शहनाईप्रमाणें पत्तीचें वाद्य. सारा भार श्वासावर. तो सूर सोडतांना किंचित् वाकवितो आणि मग गप्प राहतो. ती गप्प राहण्याची जागा ऐकण्यासारखी आहे. १७ डिसेंबर १९९९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठीं चार गीतें वाजवून तो शेजारच्या खोलींत गेला व तेथेंच कोसळला. त्याच संध्याकाळीं त्याचें देहावसान झालें; वय अवघें ५६. ऑपेरांतील गीतांची त्याची ‘आरिया’ ही तबकडी त्याच्यामागें २००० सालीं प्रसिद्ध झाली.

सर्वच नांवें अशीं गोड निघालीं नाहींत. केनी जी याच्या १९९२ च्या ‘ब्रेथलेस’च्या एक कोटीहून अधिक प्रती एकट्या अमेरिकेंत खपल्या, चीनमध्यें त्याचें ‘गोइंग होम’ लागलें कीं दुकान बंद होण्याची वेळ झाली असें समजतात. त्याची मेहनतहि खोटी नव्हे. तो रोज तीन तास रियाज करतो. परंतु १९९९ सालीं त्यानें दिवंगत लुई आर्मस्ट्राँगच्या मुद्रित गाण्यावर आपला सॅक्सोफोन चढविला, तेव्हां गिटारवादक पॅट मेथेनी भयंकर संतापला. २०२१ मध्यें केनीनें स्टॅन गेट्झ याचे सुटे स्वर जुळवून त्याच्याशीं जुगलबंदी केली. गेट्झला जाऊन तेव्हां तीस वर्षें झालीं होतीं. जुगलबंदींत समोरच्यानें आपणांस अडविण्याचा संभव हवा. येथें तो कोठून येणार?

नव्या तबकड्यांपैकीं बोनी जेम्स याची २०२४ ची ‘स्लो बर्न’ आम्हीं ऐकली. हा पूर्वीं इतरांच्या वाद्यवृंदांत पेटीसारखीं वाद्यें वाजवीत असे. त्यामुळें साथीला जागा कशी द्यावी हें तो जाणतो. डच वादक कॅन्डी डुल्फर हिची २०२२ ची ‘वी नेव्हर स्टॉप’ अधिक खट्याळ आहे; घरांतील मुलींस तीच पसंत पडली. रेडिओचा आधार तुटल्यावर या मंडळींनीं समुद्राचा रस्ता धरला. २००४ पासून श्रोत्यांनीं भरलेलीं जहाजें घेऊन मैफली निघतात. आणि आतां तर यंत्रेंहि असलें संगीत रचूं लागलीं आहेत! ज्या कानास वादक ओळखावयाचाच नाहीं, त्याला त्यांतील भेद कळण्याचें कारण नाहीं.

सध्यां आमच्या घरीं तबकडी लावणाऱ्यानें वादकांचीं नांवें आधीं वाचून दाखवावयाचीं, असा शिरस्ता पडला आहे. वडील बंधु ‘वाइनलाइट’ला अद्यापि पंखाच म्हणतात. मात्र परवां जेवणानंतर त्यांनीं विचारलें, “तो खालच्या सुरांचा गिटार वाजविणारा मार्कस मिलर, त्याचें वय तेव्हां काय असेल?” पुतणसून म्हणाली, “वीस-एकवीस.” “हं,” म्हणाले, आणि सुपारी कातरूं लागले.