रिएकाची बातमी, पनवेलचा सातबारा

क्रोएशियातल्या रिएका शहरात पाऊस एकदा लागला की उसंत देत नाही. समुद्रावरून ‘युगो’ वारा सुटतो, ढग मागच्या डोंगरांना अडतात आणि बंदरावरच्या क्रेन दिवसभर धुरकट दिसत राहतात. पनवेलचे चार-चार महिने भिजलेले पावसाळे काढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. त्याला चमत्कारिक वाटतं ते वेगळंच. हे शहर रिकामं होत चाललं आहे. २०११ च्या जनगणनेत इथे सव्वा लाखाहून जास्त वस्ती होती. २०२१ मध्ये ती १ लाख ८ हजारांपर्यंत खाली आली. कागदाची गिरणी बंद पडली, जहाजबांधणीला घरघर लागली. १८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेडने जगातला पहिला स्वयंचलित टॉर्पेडो याच शहरात तयार केला. त्या टॉर्पेडो कारखान्याचा चाचणीचा धक्का आज मोडक्या अवस्थेत पाण्यावर उभा आहे. पनवेलमध्ये मात्र गाव सोडून वर्षभराने परतलं तरी ओळखीचा नाका सापडत नाही.

रिएकाची नस समजून घ्यायची असेल, तर कोर्झो या पायी फिरण्याच्या मुख्य रस्त्यावर कॉफी पीत बसण्याआधी ‘नोविने’ ही मालिका पाहावी. कॉफीचा एक कप तास-दीड तास पुरवण्याची इथली रीत आहे आणि त्या वेळात माणसं बोलतात ती याच विषयांवर: कोणाची जागा कोणी घेतली, कोणाचा माणूस कुठल्या खुर्चीत बसला.

२०१६ मध्ये क्रोएशियाच्या सरकारी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका डालिबोर मातानिचने दिग्दर्शित केली आणि इवित्सा जिकिचने लिहिली. २०२० पर्यंत तिची तीन पर्वं झाली. मधल्या काळात नेटफ्लिक्सने ती घेतली आणि क्रोएशियाची मालिका पहिल्यांदाच जगभर पोचली. जिकिच हाडाचा पत्रकार. ‘फेराल त्रिब्यून’ या सत्ताधाऱ्यांना सळो की पळो करून सोडणाऱ्या आणि २००८ मध्ये कर्जापायी बंद पडलेल्या साप्ताहिकात तो होता. रिएकाच्याच ‘नोवी लिस्ट’ या १९०० पासून निघणाऱ्या दैनिकाचं संपादकपदही त्याने सांभाळलं. म्हणून यातलं बातमीदारांचं कार्यालय खरं वाटतं. पगाराची धास्ती, जुनी मैत्री, जुने हिशेब, आणि उद्याचा अंक तर निघायलाच हवा ही घाई, सगळं एकाच खोलीत नांदतं.

कथा सुरू होते एका मोटार अपघातापासून. ‘नोविने’ नावाचं दैनिक त्याच्या मुळाशी जाऊ पाहतं आणि नेमक्या त्याच वेळी मारिओ कार्दुम हा बांधकाम व्यावसायिक ते दैनिकच विकत घेतो. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. कागदावर सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी माणसं त्याच टेबलांवर बसून वेगळी बातमी लिहू लागतात. ब्रांका कातिचने साकारलेली दियाना मित्रोविच ही बातमीदार आणि द्रागान देस्पोतचा महापौर तोमाशेविच ही दोन कामं लक्षात राहतात. महापौराचा आवाज क्वचितच चढतो. समोरच्याचं मोल किती, याचा अंदाज घेत तो शांतपणे बोलतो आणि त्यानेच प्रसंगाला धार येते. पहिलं पर्व वृत्तपत्राचं, दुसरं राजकारणाचं, तिसरं न्यायव्यवस्थेचं. तिन्हींत पहिलंच सर्वांत सकस. पुढे पात्रं वाढतात, कारस्थानं वाढतात आणि बातमीदारांची ती खोली मागे पडते, ही या मालिकेची खरी हानी.

आपल्याकडे हंसल मेहतांची ‘स्कूप’ २०२३ मध्ये आली. पत्रकार जे. डे यांच्या २०११ मधल्या हत्येनंतर अटक झालेल्या बातमीदार जिग्ना व्होरांच्या आठवणींवर ती आधारलेली आहे. तिथे बातमीदारच आरोपी ठरते आणि कॅमेरा तुरुंगात जातो. ‘नोविने’त कॅमेरा मालकाच्या दालनात जातो. दोन्ही मालिका मनापासून केलेल्या आहेत, पण सत्ता चालते कशी हे ‘नोविने’त जास्त कळतं. गुन्हा प्रेताजवळ शोधण्यापेक्षा खरेदीखताजवळ शोधावा, हे जिकिचने ओळखलं आहे.

आणि म्हणूनच पनवेलकराला ही मालिका पाहताना चैन पडत नाही. १९७० मध्ये सिडको आली, शेतजमिनींवर आखणी झाली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्यावर शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या रक्तातून आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं. चरीच्या शेतकरी संपातून उभे राहिलेले नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ सुरू केला, म्हणजे वृत्तपत्र आणि जमीन यांचं नातंही रायगड जिल्ह्याला जुनंच आहे. एवढा ऐवज असताना यावर एकही ताकदीची मराठी मालिका नसावी, याची खंत वाटते. भूखंडाचं साधं हस्तांतरण दहा भाग पुरेल इतकं नाट्य पोटात घेऊन असतं.

सत्तेवरचा राग रिएकाने गाण्यातही ओतला. १९७६ मध्ये इथे ‘पाराफ’ हा पंक बँड उभा राहिला. युगोस्लाव्हियातल्या अगदी पहिल्या पंक बँडमधला हा एक. शेजारच्या ल्युब्लियानात ‘पांक्र्ती’ पुढच्या वर्षी आला. ‘पाराफ’चा पहिला आल्बम १९८० चा. सरकारी यंत्रणेने त्यावर हलक्या करमणुकीचा शिक्का मारून जादा कर लावला. वाल्टर कोत्सियांचिचचं गिटार त्यात कर्कश आहे, गाणी आखूड आहेत, गायक ओरडतो ते दमसासाच्या पलीकडे जाऊन. ध्वनिमुद्रण ओबडधोबड असूनही आज तो आल्बम ताजा वाटतो, कारण त्यातला प्रत्येक जण आपल्याच गल्लीबद्दल बोलतो आहे.

त्या कसोटीवर नवे आल्बम लावून पाहिले तर ग्रीन डेचा २०२४ मधला ‘सेव्हियर्स’ थोडा कमी पडतो. चाली पक्क्या, वाद्यमेळ घोटीव, पण पंधरा गाण्यांत धग विखुरते. हाच बँड २०२५ च्या मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिल्यांदा भारतात वाजला. मेलबर्नच्या अमिल अँड द स्निफर्सचा ‘कार्टून डार्कनेस’ जास्त जिवंत आहे. गायिका एमी टेलरच्या गळ्यात थेट रस्त्याची भाषा आहे.

पण ऐकावाच असा आल्बम ब्रायटनच्या लॅम्ब्रिनी गर्ल्सचा, २०२५ च्या जानेवारीत आलेला. अर्ध्या तासाच्या आत-बाहेर सगळं आटोपतं. पहिलंच गाणं पोलिसांच्या दंडेलीवर. आणखी एक गाणं वाढत्या भाड्यांनी जुन्या रहिवाशांना वस्तीतून हुसकावण्यावर. लिली मासिएराचा बास खालून जमीन हादरवत राहतो आणि वर फीबी लनी दम न घेता सवाल करत जाते. खारघर-कामोठ्यात भाड्याचं घर शोधलेल्या कुणालाही तो सवाल शब्द न कळताही कळेल. आपल्याकडे हाच सूर ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिपहॉप गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत आरेच्या जंगलासाठी लावला होता, २०१९ मध्ये.

पुन्हा ‘नोविने’कडे वळलं, तर तिच्यात एक उणीव मात्र आज फार जाणवते. २०२३ मध्ये क्रोएशिया युरो आणि शेंगेनमध्ये सामील झाला. कामाला माणसं कमी पडू लागली होतीच, ती नेपाळ, भारत, फिलिपिन्स, बांगलादेशातून येऊ लागली. कोर्झोच्या आसपास संध्याकाळी पाठीवर चौकोनी बॅग लावून जेवण पोचवणारा मुलगा बहुतेक वेळा आपल्याच उपखंडातला असतो. त्याचा परवाना कोणी काढून दिला, त्यासाठी गावी किती कर्ज झालं, एका खोलीत किती जण राहतात आणि त्या खोलीचा मालक कोण, हे सगळं जिकिचच्या विषयातलंच आहे. मालिका २०२० मध्ये संपली, तेव्हा हा मुलगा अजून शहरात दिसू लागला नव्हता. चौथं पर्व कधी लिहिलं गेलंच तर त्याची सुरुवात या मुलाच्या भाडेकरारापासून व्हावी.