केल्म्सकॉटचं छप्पर

इंग्लंडमधल्या केल्म्सकॉट मॅनरच्या फाटकातून आत शिरलं की दारापर्यंत सरळ दगडी वाट जाते. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुलाब आहेत. बघणाऱ्याची नजर आधी त्या गुलाबांवर जायला हवी, पण माझी थेट छपरावर गेली. छप्पर दगडाचं आहे. वळचणीला परातीएवढ्या रुंद, जाड फाड्या. वर चढावं तशा त्या लहान होत जातात आणि आढ्याशी पोचेपर्यंत वहीच्या पानाएवढ्या राहतात. खाली पाण्याचा लोंढा जास्त, म्हणून तिथे मोठा दगड. शिवाय खाणीतून निघालेला लहानमोठा कुठलाच तुकडा वाया जात नाही. ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोन्सफील्डच्या खाणीतला दगड हिवाळाभर उघड्यावर ओला ठेवत. आत मुरलेल्या पाण्याचं बर्फ झालं की दगडाचे थर आपोआप सुटत. निसर्गाने फोडलेली ती कौलं मग माणसाने लाकडी खुंट्यांवर एकेक करून अडकवायची. एकोणिसाव्या शतकात या घरात राहिलेला नक्षीकार विल्यम मॉरिस याला कौलांची ही रांग माशाच्या खवल्यांसारखी, पक्ष्याच्या पिसांसारखी वाटायची.

माझी धाकटी बहीण स्विंडनला राहते. तिथून केल्म्सकॉटला जायला सोयीची बस नाही, आणि जवळच्या लेचलेडला जाणारी रेल्वे 1962 मध्येच बंद झाली. म्हणून टॅक्सी केली. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ. आमचा चालकही मडगावकडचा निघाला. वाटभर कोकणी हेलाच्या मराठीत बोलत होता. पोचल्यावर तोही आमच्याबरोबर अंगणात आला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, ही कौलं परतायला माणसं मिळतात काय हो इथं?"

त्या दिवशी मी पुष्कळ पाहिलं आणि वाचलं, पण याहून नेमका प्रश्न मला दुसरा कुणी विचारला नाही. कोकणात आमच्या घराची शाकारणी दर वैशाखात व्हायची. आजोबा वर चढायचे आणि खालून मी एकेक नळा त्यांच्या हाती द्यायची. फुटका निराळा, चांगला निराळा. मृगाच्या आत हे काम उरकायचंच, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा पहिल्यापासून. घर असंच टिकतं, हे मला तेव्हापासून माहीत आहे. केल्म्सकॉटच्या अंगणात ते पुन्हा कळलं.

हे घर कुठल्या सरदाराचं नव्हे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्नर नावाच्या शेतकरी कुटुंबाने ते बांधलं आणि सतराव्या शतकात त्याला आणखी एक बाजू जोडली. पिढ्यानपिढ्या ते सधन शेतकऱ्याचं घर होतं. थेम्स नदी इथून चालत काही मिनिटांवर आहे, पण लंडनमधली थेम्स नव्हे. इथे ती ओढ्याची मोठी बहीण वाटते. काठाने विलोची झाडं आहेत, आपल्याकडच्या वाळुंजाची भावंडं. गावात कुंपणालाही दगड आहे. सपाट शिळा एकीला एक लावून जमिनीत उभ्या रोवल्यात, जणू शाळेतली मुलं रांगेत उभी आहेत. घराच्या भिंती, गोठे, कुंपण, थडगी, सगळं एकाच राखी-पिवळसर दगडाचं. गाव बांधलेलं वाटत नाही, त्या जमिनीतून वर आलेलं वाटतं.

1871 मध्ये मॉरिस सदतीस वर्षांचा होता आणि लंडनबाहेर घर शोधत होता. चित्रकार-कवी दांते गॅब्रिएल रोसेटी याच्याबरोबर भागीत त्याने हे घर भाड्याने घेतलं. जागा नुसत्या आवडीपायी घेतली नव्हती. मॉरिसची पत्नी जेन आणि रोसेटी यांचं एकमेकांवर प्रेम होतं, आणि लंडनच्या नजरांपासून दूर असं एक ठिकाण तिघांनाही हवं होतं. त्याच उन्हाळ्यात मॉरिस जेनला, दोन लहान मुलींना आणि रोसेटीला इथे ठेवून आइसलँडला निघून गेला. त्या प्रवासाला निघताना त्याच्या मनात काय असेल, हा विचार त्या घरात एकदा आला की मग तो जात नाही. मी त्याला दुबळा म्हणणार नाही. आपलं माणूस आपल्या मालकीचं नाही, हे त्याने मान्य केलं होतं, आणि ते मान्य करणं किती कठीण असतं ते ज्याचं त्याला माहीत.

रोसेटीला घर मानवलं नाही. वरच्या मजल्यावर ज्या खोलीत तो चित्रं काढायचा, तिथे भिंतींवर बायबलमधल्या सॅमसनच्या गोष्टीचे सतराव्या शतकातले विणलेले पडदे आहेत. सॅमसनचे डोळे काढतानाचा प्रसंग त्यात आहे, आणि रोसेटीला तो सोसवत नसे. 1874 मध्ये तो गेला तो परत आला नाही. मॉरिसला मात्र ते विटके पडदे अतिशय आवडत. भडक रंग जाऊन उरलेली ती निळसर छटाच त्याला खोलीला शोभणारी वाटे. रंग विटला म्हणून वस्तू टाकायची नाही, ही त्याची धारणा इथेच दिसते.

जेनच्या झोपायच्या खोलीत भिंतीवर विलोच्या पानांचा कागद आहे. 1887 चं हे नक्षीकाम मॉरिसचं. खिडकीतून नदीकडची झाडं बघावीत आणि मग भिंतीकडे वळावं. तीच पानं आहेत. त्याची मुलगी मे हिने लिहून ठेवलंय की बाप नदीकाठी फिरताना पानांचा आकार कसा निरनिराळा असतो ते तिला दाखवायचा.

याहून जास्त मोह मला पडला तो 'स्ट्रॉबेरी थीफ' या कापडाचा. केल्म्सकॉटच्या बागेत कस्तूर पक्षी जाळीखाली शिरून स्ट्रॉबेऱ्या पळवत. मॉरिस त्यांना हाकलू देत नसे. त्याने 1883 मध्ये त्यांचं कापड केलं. त्यासाठी आधी सगळं कापड निळीत बुडवून गडद करायचं, मग जिथे पक्षी, पानं, फुलं हवीत तिथला रंग रसायनाने काढून टाकायचा आणि त्या पांढऱ्या जागांवर तांबडा नि पिवळा रंग छापायचा. एकेका कापडाला कित्येक दिवस लागत. म्हणजे त्या पक्ष्यांना आधी गर्द निळ्या अंधारात बुडवून मग बाहेर काढलंय. निळीची ही विद्या तो लीक गावच्या टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याबरोबर शिकला होता, आणि वॉर्डल आयुष्यभर हिंदुस्थानच्या रेशमाच्या नादी लागलेला होता. कापडासमोर उभी राहिले तेव्हा नखांत निळा रंग गेलेला मॉरिस मला दिसला. ते चित्र मनातलं खरं, पण त्या काळात त्याचे हात खरोखरच निळे असत.

वाटेत एक आठवण सांगते, कारण ती मुंबईची आहे. मॉरिसचा जिवलग मित्र चित्रकार बर्न-जोन्स, त्याची बायको जॉर्जिआना, आणि तिची बहीण ॲलिस किपलिंग. ॲलिसचा नवरा लॉकवूड मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकवायचा आणि 1865 मध्ये रडयार्ड तिथेच जन्मला. ते पोर लंडनला मावशीकडे सुट्टीला गेलं की मॉरिसला 'अंकल टॉप्सी' म्हणायचं.

आता चालकाच्या प्रश्नाकडे येते. मॉरिसच्या काळात इंग्लंडात जुन्या चर्चांचा 'जीर्णोद्धार' जोरात चालू होता. भिंती खरवडायच्या, सातशे वर्षांतली भर काढून टाकायची आणि सगळं एका कल्पित काळासारखं नवं कोरं करायचं. केल्म्सकॉटपासून जवळच असलेल्या बर्फर्डच्या चर्चचं ते काम त्याने 1876 मध्ये पाहिलं आणि तो संतापला. पुढल्या वर्षी, मार्च 1877 मध्ये, त्याने पुरातन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. ती आजही काम करते. तिचं म्हणणं साधं होतं. पाडू नका, खरवडू नका, सजवू नका. वेळच्या वेळी गळती बघा, सुटलेला दगड बसवा, कौल फुटलं तर बदला. शाकारणीला लागणाऱ्या कष्टांनी भागतं, तिथे जीर्णोद्धाराचा थाट कशाला? आपल्याकडे देवळांना ऑइलपेंट फासताना किंवा काळ्या दगडाच्या दीपमाळेवर फरशा बसवताना बघते तेव्हा माझ्या मनात हेच येतं. भक्ती असते, प्रश्नच नाही. हात मात्र जरा आवरायला हवा.

मॉरिसने घर पंचवीस वर्षं भाड्यानेच ठेवलं, कधी विकत घेतलं नाही. 1913 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, ते जेनने घेतलं आणि पुढच्या वर्षी ती गेली. मे तिथे 1938 मध्ये मरेपर्यंत राहिली, आणि घर जसंच्या तसं राहावं म्हणून तिने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं. 1962 मध्ये ते सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे आलं, आणि तीच ते अजून सांभाळते.

मॉरिस 3 ऑक्टोबर 1896 रोजी लंडनमध्ये वारला. तीन दिवसांनी त्याला लेचलेडपर्यंत गाडीने आणलं. पाऊस मुसळधार होता. साध्या ओकच्या पेटीला लोखंडी कड्या होत्या. स्टेशनापासून पुढे ती शेतावरच्या बैठ्या खटाऱ्यात ठेवली होती, आणि खटारा विलोच्या फांद्यांनी सजवला होता. गावाच्या सेंट जॉर्जेस चर्चच्या आवारात त्याचं थडगं आहे. त्याचा मित्र, वास्तुकार फिलिप वेब याने ते आखलं. ते लांबट आहे, वर मधोमध कणा आणि दोन्ही बाजूंना उतार. मी जवळ जाऊन बसले तेव्हा ते छप्परच वाटलं, जमिनीवर ठेवलेलं एक लहानसं छप्पर. त्यावर विल्यम, जेन आणि दोन्ही मुली, जेनी आणि मे, यांची नावं आहेत. अक्षरं शेवाळलीत, कुणी खरवडलेली नाहीत.

घरात एक वृद्ध स्वयंसेवक बाई होत्या. निघताना मी त्यांना चालकाचा प्रश्न सांगितला. "मिळतात," त्या म्हणाल्या, "पण थोडी आहेत." त्याने ते ऐकलं आणि पुन्हा एकदा वर पाहिलं. तुम्ही कधी तिकडे गेलात तर आत शिरण्याआधी अंगणात थांबा, आणि आढ्याजवळची सर्वांत लहान फाडी कुठली ते शोधा. तिच्या शेजारीच एखादी नुकती बदललेली असेल.