पिस्टन पुसला होतास का?



धारहून मांडूला जाताना नालछा लागतं. आमचं घर तिथलं. पवारांच्या काळात कधीतरी पूर्वज इकडे आले नि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर माळवी. माझे वडील, नाना, फौजेत आर्मरर होते. म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे. शेवटची काही वर्षं महूला काढून ते घरी परतले. पुढे मीही फौजेत गेलो. आज सांगतोय ती गोष्ट १९८२ च्या पावसाळ्यातली, आणि चूक माझी आहे.

तेव्हा आमच्या हातात एसएलआर होती. सेल्फ लोडिंग रायफल, ७.६२ मिलिमीटरची, ईशापूरच्या कारखान्यातली. १९६२ च्या युद्धानंतर जुन्या थ्री-नॉट-थ्रीची जागा तिने घेतली. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट दर गोळीला हाताने ओढायचा. एसएलआरमध्ये ते काम गॅस करतो. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस वरच्या सिलिंडरमध्ये शिरतो, पिस्टनला मागे ढकलतो, मागचे पुर्जे हलतात, रिकामं खोकं बाहेर पडतं आणि नवी गोळी आत जाते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गंज चढला तर शिक्षा, ही भीती डोक्यात. फायरिंगच्या आदल्या रात्री मी रायफलला तेलाने अक्षरशः न्हाऊ घातलं. नळी, चेंबर, पिस्टन, काही सोडलं नाही. चमकत होती नुसती!

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गोळीला धूर आला. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाही. संध्याकाळी दमलो होतो. नळीतून फुलतरू दोनदा ओढलं, वरून पुन्हा तेल लावलं, आणि रायफल कोतमध्ये जमा केली. तिसऱ्या दिवशी पाच-सहा गोळ्यांनंतर रायफल अडकली. खोकं अर्धं आत, अर्धं बाहेर.

उस्तादांनी विचारलं, "सफाई की थी?"

मी म्हणालो, "जी उस्ताद. रायफल ही खराब है."

कोतवाला बिचारा त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणी खाऊन गेला. खराब रायफल दिली म्हणून. मी गप्प उभा होतो.

रात्री नानांना पत्र लिहिलं. त्यातही हेच, की रायफल खराब निघाली. पंधरा दिवसांनी इनलँड आलं. खुशाली दोन ओळींत, आणि खाली: "पिस्टन पुसला होतास का? रायफलला दोष देण्याआधी हाताला विचार."

ते पत्र खिशात घेऊन दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी उस्तादांकडे जाऊन खरं सांगितलं. शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. मग कोतवाल्याकडे गेलो. तो वयाने मोठा. म्हणाला, "चल, चाय पिला." एवढंच.

दिवाळीला सुट्टीवर आलो. नाना अंगणात आईचं शिलाई मशीन उघडून बसले होते. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने त्यात खोबरेल घातलं होतं. माळव्याच्या थंडीत खोबरेल थिजतं, आणि नाही थिजलं तरी कालांतराने चिकट होतं. मशीन फिरेना. नाना रॉकेलने एकेक भाग धूत होते. मला म्हणाले, "बस इथे. तुझी रायफल हीच आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते आजही पाठ आहे. तेलाची कामं तीन. मळ सोडवणं, घासणाऱ्या भागांत पातळ थर ठेवणं, आणि गंज थोपवणं. एकच तेल तिन्ही कामं सारखी करेल असं नाही. रॉकेल मळ काढतं, पण वंगण म्हणून टिकत नाही. ग्रीस टिकतं, पण धूळ धरून ठेवतं. म्हणून आधी विचारायचं: हत्यार कुठे जाणार आहे? कोठारात पडून राहणार असेल तर जाड थर चालेल. वाळवंटात तेल आणि वाळू मिळून घासायची पेस्ट होते, तिथे जेमतेम ओलावा ठेवायचा. बर्फात जाड तेल गोठल्यासारखं होतं, तिथे पातळ आणि तेही अगदी थोडं. पावसात रोज पुसायचं, रोज नवा हात फिरवायचा.

"आणि पिस्टन?" मी विचारलं.

"कोरडा. तिथे आग जाते रे. तेल जळून कोळसा होतो आणि कोळसा पिस्टनला धरून ठेवतो. फायरिंगआधी नळी नि चेंबरही कोरडं. तेल फक्त जिथे लोखंड लोखंडावर सरकतं तिथे. चिंदीने लावायचं, बाटलीने ओतायचं नाही."

थ्री-नॉट-थ्रीच्या दिवसांत ते फायरिंगनंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहतात, आणि पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसे ते ओल ओढतात. ते तेलाने जात नाहीत, पाण्यानेच जातात. मग नळी कोरडी करायची, आणि तेल शेवटी. तेलाखाली क्षार राहिला तर आतून गंज ठरलेला.

मी पुढे अठरा वर्षं नोकरी केली. रायफल पुन्हा अडकली नाही असं म्हणणार नाही. पण अडकली की आधी माझे हात आठवायचे.

नाना जाऊन बरीच वर्षं झाली. मशीन अजून चालतं, सूनबाई त्यावर पडदे शिवते. परवा नातवाने विहिरीच्या पंपावर स्प्रेचा डबा मारला आणि म्हणाला, "आजोबा, झालं!" त्याला सांगितलं, बाबा, हा स्प्रे पाणी घालवायला आणि जाम सोडवायला छान. टिकाऊ वंगण वेगळं. आधी पूस, मग बघ कुठे काय लागतंय.

तो हसला. पण फडकं आणायला गेला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात आर्मरर होतं का? असेल तर त्यांची एखादी आठवण जरूर लिहा.